एका थपडेचे दोन अर्ज

रस्त्यात पोलीस दिसला की तुम्ही-आम्ही हेल्मेटचा पट्टा चाचपतो, मोबाइल खिशात टाकतो आणि उगाच सज्जन चेहरा करतो. आमच्या सुमित्राअक्का चष्मा बदलतात. लांबचा काढतात, जवळचा लावतात, आणि त्या पोलिसाच्या छातीपासून वीतभर अंतरावर नाक नेऊन त्याच्या नावाची पट्टी मोठ्यानं वाचतात. "शि-व-कु-मा-र. सरी." म्हणजे कानडीत ठीक आहे, एवढंच म्हणतात आणि पुढं चालू लागतात. शिवकुमार बिचारा दिवसभर विचार करत असणार की आपलं नेमकं काय ठरलं.

मी एकदा विचारलं, "अक्का, असं का करता?"

"नाव कुणालातरी ठाऊक आहे म्हटलं की माणूस स्वल्प नीट वागतो," त्या म्हणाल्या. "पोलीस काय, आणि मी काय."

अक्का माझ्या घरमालकीण. मल्लेश्वरममधल्या एका शांत गल्लीत त्या खाली राहतात, मी वर. मी साताऱ्याची, नोकरीसाठी बंगळूरला आलेली. त्यांचं घराणं मात्र पिढ्यान् पिढ्या इथलंच. त्यामुळं त्यांचं मराठी कानडीच्या वाफेवर शिजलेलं आहे. त्या माझ्याशी मराठीत बोलतात, भाजीवाल्याशी कानडीत भांडतात आणि हिशेबाला लागल्या की दोन्हीत पुटपुटतात.

एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. समोर आलेला सुटा भाग केसभर जरी कमी-जास्त निघाला तरी त्याला लाल चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. लग्नासाठी आलेल्या स्थळांनाही त्यांनी अशाच चिठ्ठ्या लावल्या, असं गल्लीत बोललं जातं. मी हे घाबरत घाबरत त्यांच्या कानावर घातलं. "खोटं आहे," अक्का म्हणाल्या. "दोघे पास होते. त्यांनी मला नापास केलं."

माझ्या पासपोर्टच्या वेळी त्यांची ही तपासणी मी पहिल्यांदा पाहिली. चौकशीसाठी स्टेशनातून एक पोलीस साध्या कपड्यांत आला. मी वरच्या गॅलरीतून बघत होते. अक्कांनी त्याला फाटकाशीच थांबवलं आणि ओळखपत्र मागितलं. त्यानं दिलं. अक्का एकदा फोटोकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिल्या.

"फोटोत मिशी आहे."

"काढली, अम्मा."

"कधी?"

"तिरुपतीला. केसांबरोबर."

अक्कांनी त्याला तर्जनी नाकाखाली आडवी धरायला लावली. तो फाटकात तसा उभा, अक्का मान तिरकी करून बघताहेत, आणि माझा पासपोर्ट त्या बोटावर टांगलेला. शेवटी "सरी, आत या," असं ऐकू आलं तेव्हा मी श्वास सोडला.

आत आल्यावर त्यानं विचारलं, "मेघना इथंच राहतात का?"

"तेच बघायला तुम्हाला पाठवलंय की," अक्का म्हणाल्या. "वर जा, बघा, मग मला पण सांगा."

मग मात्र त्यांनी त्याला कॉफी दिली, कोडबळ्या दिल्या, आणि जाताना आपल्या वहीत किती वाजता आला, किती वाजता गेला याची सही घेतली. निघताना तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अम्मा डिपार्टमेंटमधून रिटायर झाल्यात का?"

"हो," मी म्हणाले. "पण दुसऱ्या."

अक्का पोलिसांच्या विरोधात आहेत असं मात्र कुणी समजू नये. एकदा मी त्यांना स्कूटरवर राजाजीनगरला घेऊन चालले होते. चौकात एका वाहतूक पोलिसानं हात केला आणि मी थांबते न थांबते तोच स्कूटरची किल्ली काढून घेतली. अक्का मागून उतरल्या, चष्मा बदलला, नाव वाचलं.

"किल्ली काढायची कुठल्या नियमात आहे, ते दाखवा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि किल्ली परत लावली. कागद तपासले, सगळे ठीक होते. "जा," म्हणाला. मी स्कूटर सुरूही केली. तेवढ्यात अक्का त्याला म्हणाल्या, "असं कसं जा? मागं बघा. नंबराच्या पाटीचा एक स्क्रू नाही. पाटी लोंबतेय. हे तुम्ही बघितलंच नाही."

माझी पावती फाटली. मी ती चुरगाळून पर्समध्ये कोंबली आणि स्कूटर सोडली. "रागावू नको," अक्का मागून म्हणाल्या. "त्याची चूक मी सांगितली. तुझी झाकली असती तर मला बोलायला तोंड राहिलं असतं काय?"

आता मुख्य गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंजुनाथअण्णांची रिक्षा उभी असते. दर शनिवारी अक्का त्यांच्या रिक्षातून बाजारात जातात. त्या शनिवारी परत येताना, एका चौकाजवळच्या दुकानातून अक्कांना खोबरेल तेल घ्यायचं होतं म्हणून मंजुनाथअण्णांनी रिक्षा कडेला घेतली. अक्कांचे गुडघे दुखतात. त्यांचं रिक्षातून उतरणं हा एक समारंभ असतो. आधी पिशवी, मग छत्री, मग एक पाय, मग थोडी विश्रांती. मागं गाड्यांचा खोळंबा झाला. चौकातला कॉन्स्टेबल ओरडत आला. मंजुनाथअण्णा म्हणाले, "एक मिनिट सर, वयस्कर बाई आहेत," आणि त्यानं काही न ऐकता त्यांच्या तोंडात मारली.

अक्कांचा एक पाय रस्त्यावर, एक रिक्षात. तशाच त्यांनी चष्मा बदलला. पण कॉन्स्टेबलच्या अंगावर ते चमकणारं हिरवं जाकीट होतं आणि नावाची पट्टी त्याखाली.

"जाकीट स्वल्प बाजूला करा."

त्यानं केलं नाही. अक्कांनी पिशवीतून शेवग्याची एक लांब शेंग काढली आणि तिच्या टोकानं जाकिटाची कड अलगद उचलली. "रं-ग-स्वा-मी. सरी." हे मला नंतर मंजुनाथअण्णांनी सांगितलं. कॉन्स्टेबल एवढा चक्रावला की शेंग खाली येईपर्यंत हललासुद्धा नाही म्हणे.

अक्का तक्रार करणार हे उघडच होतं. पण मंजुनाथअण्णा नको म्हणाले. "अक्का, मला रोज त्याच चौकातून जायचंय. सोडून द्या."

"नको तर नको," अक्का म्हणाल्या. "गाल तुझा आहे."

घरी आल्यावर फाटकाशी पिशवी उतरवताना अण्णा म्हणाले, "लागलं नाही फार, अक्का. पण शेजारच्या बसमधले लोक हसत होते." थोडं थांबून म्हणाले, "लिहा."

संध्याकाळी अक्का अर्ज लिहायला बसल्या तेव्हा मी खरंच घाबरले होते. म्हटलं, "अक्का, तुम्ही एकट्या राहता. ते लोक उद्या तुम्हाला त्रास देतील."

"त्रास द्यायला त्यांना माझं नाव लागणार. ते मी खाली लिहिलंय की, सुवाच्य."

सोमवारी त्या स्टेशनात गेल्या. तिथल्या रायटरनं, म्हणजे लिखापढीच्या पोलिसानं, मान वर न करता सांगितलं, "नाळे बन्नि." उद्या या.

"बरेदु कोडि," अक्का म्हणाल्या. लिहून द्या.

"काय लिहून द्या?"

"उद्या या, असं. खाली तुमचं नाव, सही."

उद्या या हे लिहून देण्याचा प्रसंग त्याच्यावर आजवर आला नसावा. तो म्हणाला, "साहेब नाहीत."

"सरी. साहेब नाहीत, हे लिहून द्या."

त्यानं काहीच लिहून दिलं नाही, म्हणून अक्का बाकावर बसल्या. जेवणाचा डबा नेला होताच. संध्याकाळी त्या घरी आल्या आणि मंगळवारी सकाळी परत जाऊन त्याच बाकावर बसल्या. भिंतीवरचं घड्याळ मागं पडलंय हे त्यांनी सकाळी सांगितलं, कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हे दुपारी. दोन्ही दुरुस्त झालं. बुधवारी मोबाइल हरवलेला एक म्हातारा आला. त्याला कानडी लिहिता येत नव्हतं. अक्कांनी त्याचा अर्ज लिहिला. मग शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल तक्रार असलेली एक बाई आली. तिचाही लिहिला, पण त्यातली कोंबड्याच्या बापावरची शिवी गाळायला लावली. अक्षर स्वच्छ असल्यामुळं रायटर खूश झाला आणि येईल त्याला "त्या मॅडमकडं जा," म्हणू लागला. दुपारी इन्स्पेक्टर बाहेर आले तर त्यांच्या दारासमोर कुणी नाही आणि अक्कांच्या बाकासमोर सहा माणसांची रांग.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

"तक्रारदार, सर," रायटर म्हणाला.

"कुणाविरुद्ध?"

रायटरनं घसा खाकरला. "आपल्याविरुद्ध, सर."

पाच मिनिटांत अर्ज घेतला गेला. पोच म्हणून प्रतीवर शिक्का मारला. शिक्का पुसट उठला होता. अक्कांनी प्रत परत सरकवली. "नापास." इन्स्पेक्टरांनी शाई मागवून स्वतः पुन्हा मारला.

महिन्याभरानं वरच्या अधिकाऱ्यांच्या कचेरीत चौकशी झाली. अक्कांना मी स्कूटरवरून नेलं, मंजुनाथअण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. रंगस्वामी कोपऱ्यात उभा होता. त्या दिवशीच्या गोष्टीवरून मी त्याला मोठा राक्षस समजले होते. तो तिशीचा, कृश माणूस निघाला, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

अधिकारी म्हणाले, "मारलं ते जोरात की हळू?"

"मध्यम," अक्का म्हणाल्या.

"जोरात," अण्णा म्हणाले.

अक्कांनी विचार केला. "मी बाहेरून बघितलं. याला आतून कळलं. जोरात लिहा."

रंगस्वामीनं नाकारलं नाही. तो अण्णांच्या समोर आला आणि हात जोडून "तप्पायतु," म्हणाला. चूक झाली. अण्णांना एवढंच हवं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते खिडकीकडं बघायला लागले. रंगस्वामीला लेखी ताकीद मिळाली, त्याची चौकातून बदली झाली. मला वाटलं, संपलं.

अक्कांनी पिशवीतून दुसरा कागद काढला.

"इन्नोंदा, अम्मा?" अधिकारी दमलेल्या आवाजात म्हणाले. अजून एक का?

"तो चौक मी दोन दिवस समोर उभं राहून बघितला," अक्का म्हणाल्या. मला हे ठाऊकच नव्हतं. "सकाळी सहाला येणारा माणूस तीनपर्यंत उभा. सावली नाही. पाणी नाही. बसायला काही नाही. लघवीला जायला जागा नाही, चौक सोडता येत नाही. हात उगारला ती याची चूक. याला तसा उभा केला ती कुणाची, त्याची चौकशी कुणी करायची?"

रंगस्वामीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि शिक्का असा मारला की टेबलावरचा पाण्याचा पेला हलला. आता त्या चौकात पत्र्याची छत्री आहे आणि एक उंच स्टूल. बाकीच्या दोन गोष्टींसाठी अक्कांची स्मरणपत्रं चालू आहेत.

चौकशीनंतर काही दिवसांनी मी ऑफिसात होते तेव्हा त्याच कचेरीतून मला फोन आला. कुणी कारकून होते, हिंदीत बोलत होते. "निकालाची प्रत तयार आहे. तुमच्या आईला पाठवा, सही करून घेऊन जाऊ देत."

"माझी आई साताऱ्याला असते," मी म्हणाले. "चुकीचा नंबर लागला असेल."

"सुमित्रा जाधव?"

"त्या माझ्या घरमालकीण आहेत."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "जबाबाच्या फॉर्मवर तर तसं नाही. जवळच्या नातेवाइकांचा रकाना आहे ना, त्यात मेघना म्हणून तुमचं नाव आहे, हा नंबर आहे. पुढं नातं लिहिलंय, मगळु." मग मला समजलं नसेल म्हणून त्यांनी सांगितलं, "मगळु म्हणजे मुलगी."

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तो फॉर्म भरला जात होता तेव्हा मी बाहेर स्कूटरला जागा शोधत होते. आत अक्का एकट्या होत्या. तो रकाना त्यांनी किती वेळ कोरा ठेवला असेल, कुणाकुणाची नावं मनात आणून सोडून दिली असतील, मला कळायला मार्ग नाही. एवढंच कळत होतं की साऱ्या आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून एक चुकीची नोंद केली होती, आणि ती सरकारी कागदावर.

"मॅडम," कारकून म्हणाले, "चूक असेल तर सांगा, आम्ही खोडून दुरुस्त करतो."

"नको," मी म्हणाले. "आईला किती वाजता पाठवू?"