हवेशी भांडणारी शेंग

तांबेकाका आमच्याकडे आले की आधी स्वयंपाकघरात शिरायचे आणि फळीवरचा एखादा डबा काढून हुंगायचे. "शुभा, शेंगदाणे खवट झालेत," असं जाहीर करून मगच खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "बाकी काय, बरं ना?" माझ्या सासूबाईंना हा माणूस मुळीच खपत नसे. पण त्याचं नाक कधी चुकत नसे, हीच तर पंचाईत होती.

ऐंशीनंतरची वाशी ती. सोसायटी नवी, झाडं गुडघ्याएवढी. काका तळोज्याला तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. दिवसभर तेल तपासायचं आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून शेजाऱ्यांचे डबे तपासायचे. "हवा लागली की खेळ खलास!" हे त्यांचं पालुपद. पापड असोत, तूप असो, नाहीतर कॉलेजात जाणारी पोरं, निदान एकच.

त्यांचा मुलगा प्रकाश बोटीवर नोकरीला होता. त्याने एकदा सायप्रसच्या बंदरातून पिशवीभर शेंगा आणल्या. चिंचेपेक्षा लांब, काळपट, चवीला गुळचट. कॅरोब म्हणे. तिकडे त्यांचं पीठ करून चॉकलेटऐवजी वापरतात. काकांना मात्र वेड लावलं ते त्यांच्या तुरटपणाने.

"अगं, या तुरटपणातच अँटिऑक्सिडंट असतं. हवा तेलावर धावून आली ना, की हे मध्ये पडतं. मार स्वतः खातं, तेलाला वाचवतं. थोरल्या भावासारखं!"

मग काय, शेंगा दळून आणल्या आणि पहिला प्रयोग झाला खोबरेल तेलावर. तेच तेल काकांनी डोक्याला चोपडलं. शेंग गोड, त्यामुळे सकाळी खिडकीपासून उशीपर्यंत मुंग्यांची रांग. "पण तेल खवट झालं नाय!" काका डोकं खाजवत म्हणाले.

दिवाळीला सुक्या खोबऱ्याच्या करंज्या त्यांनी माझ्याच ओट्यावर करवून घेतल्या. काकू गेल्यापासून त्यांचा फराळ आमच्याकडेच होई. सारणात ते पीठ पडलं आणि सारण झालं मातकट. सोसायटीत वाटल्या तर सेक्रेटरी सावंत विचारतात, "खोबरं जळलं काय हो?" काका ताठ मानेने म्हणाले, "जळलं नाय, टिकाऊ झालं!"

एक डबा मात्र त्यांनी बाजूला काढला आणि त्याच्या झाकणाभोवती मेण ओतलं. मी म्हटलं, "काका, एवढा बंदोबस्त कुणासाठी?"

काकांचं हसू मावळलं. "प्रकाश होळीला येतोय गं. गेल्या खेपेला पण दिवाळीच्या ठेवल्या होत्या. तो दारात दिसला आणि आनंदात मी हुंगायचंच विसरलो. पठ्ठ्याने चार खाल्ल्या, मस्त म्हणाला. तो गेल्यावर मी एक तोंडात टाकली आणि थुंकली. एवढं खवट पोरानं हसत खाल्लं. मला वाईट वाटू नये म्हणून."

होळीला प्रकाश आला. काकांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं आणि मेण खरवडून डबा उघडला. प्रकाशने करंजी चावली. काका उभेच.

"खरं सांग हां."

"दात हलला, बाबा. तुरट पण लागतेय." तो पुन्हा चावला. "पण खवट नाय."

काकांनी त्याच्या हातातली उरलेली अर्धी तोंडात टाकली, आणि हसता हसता रडायलाच लागले. माझेही डोळे भरून आले.

प्रकाश गडबडला. "बाबा, चांगली आहे, शप्पथ!"

"ते कळलं रे," काका डोळे पुसत म्हणाले. "पण यापुढे खवट निघाली तर सांगायचं. आपण दोघं मिळून टाकून देऊ."