वेटिंग रूममधली पिवळी वीज

मामांची ओळख करून देण्याची संधी मामा दुसऱ्या कोणाला देत नसत. साडेपाचला दातांच्या दवाखान्यात शिरताच, गाल धरून बसलेल्या पाचही पेशंटांना त्यांनी ती स्वतःच करून दिली.

"खाजगी गुप्तहेर. आधी तीस वर्षं वीज कंपनीत मीटर तपासले. तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे दोनशे जण नुसत्या वासावरून पकडले. माणूस खोटं बोलला की मला इथे, भुवईत कळतं."

बोलण्याच्या परिस्थितीत कोणी नव्हतंच.

भावोजी, म्हणजे मामांच्या बहिणीचे यजमान, तर मुळीच नव्हते. घड्याळं दुरुस्त करणारा हा गरीब माणूस मामांचा सहाय्यक होता, तो केवळ नातं तोडता येत नाही म्हणून. अर्ध्या तासापूर्वीच त्यांची अक्कलदाढ निघाली होती. डॉक्टरबाईंनी तिथे कापूस कोंबून सहापर्यंत तोंड उघडायला सक्त मनाई केली होती.

प्रकरण होतं भिंतीवरच्या पडद्याचं. भावोजींच्या लेकीने महिनाभर जेवणाच्या टेबलावर तारा पसरून, तळहाताएवढ्या बोर्डाचा कॉम्प्युटर तयार केला होता. तो पडद्यावर पेशंटचा नंबर दाखवायचा. तिचं हे पहिलंच काम, आणि दोन दिवसांत ते चारदा बंद पडलं होतं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आज सहापर्यंत एकदाही बंद पडलं नाही तर ठेवते. नाहीतर नंबर ओरडायला कंपाउंडर आहेतच."

"मी बघायला येते तेव्हा सगळं ठीक असतं हो, बाबा," सकाळी कॉलेजला निघताना ती रडवेली झाली होती.

ती आली की मामा फोन हातात घेऊन तिची जबानी रेकॉर्ड करत. एरवी ते पडद्याखालच्या खुर्चीत पहारा देत. आजही तिथेच बसले, फोन चार्जिंगला लावला आणि डोळे बारीक केले.

वीस मिनिटं उरली असताना पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण लुकलुकली.

"टोळीची निशाणी!" मामा कुजबुजले. ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "चारही वेळा दिसली होती. ही दिसली की पाच मिनिटांत पडदा खलास. भाचीला मुद्दाम सांगितलं नाही, पोर घाबरेल."

मग त्यांनी कंपाउंडरला गाठलं. "नंबर ओरडायचं काम तुमच्या हातून गेलं. सूड?"

"अहो, ओरडून घसा बसलाय माझा. हे मशीन टिकावं म्हणून मी रोज त्याला हात जोडतो."

"इतकं प्रेम? संशय दुणावला." मामांनी वहीत लिहिलं. "की डॉक्टरबाईच? पोरांना बक्षीस म्हणून चॉकलेट देतात. स्वतःच दात किडवायचे, स्वतःच भरायचे. असल्या बाईला एक पडदा म्हणजे किस झाड की पत्ती!"

आत चाललेलं ड्रिल क्षणभर थांबलं.

भावोजी पडद्याकडे बघत होते. घड्याळाचा काटा अडखळला की ते आधी सेल बघत, टोळी नव्हे. त्यांची नजर बोर्डाच्या वायरीवरून चार्जरपर्यंत उतरली. त्याच चार्जरातून दुसरी एक वायर निघाली होती, ती थेट मामांच्या फोनात.

"ऊं! ऊंऽऽ!"

"कळ येतेय ना? सोसा," मामा म्हणाले.

भावोजींनी औषधाच्या चिठ्ठीमागे खरडून दिलं. मामांनी ती न वाचताच खिशात घातली. "लेखी पुरावे शेवटी. आधी तर्क."

पडदा एकदा फिकट झाला. भावोजी उठले, मामांच्या मांडीवरून वाकले आणि फोनची वायर उपटून काढली. पिवळी खूण विझली. नंबर ठळक उमटला. मामा चार्जिंगसाठी पुन्हा वाकले, तेव्हा भावोजी चार्जरपुढे फतकल मारून जमिनीवरच बसले ते सहापर्यंत हलले नाहीत.

सहाला लेक धापा टाकत आली. डॉक्टरबाईंनी पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "ठेवते," त्या म्हणाल्या. लेक बाबांशेजारी खालीच बसली.

"टोळी पळाली!" मामांनी जाहीर केलं. "माझा नुसता दरारा. पण म्होरक्याला मी सोडणार नाही."

भावोजींनी शांतपणे तोंडातला कापूस काढला.

"मामा, आकडा तुम्हीच टाकला होता."

मामांनी भुवई चाचपली. पुन्हा एकदा चाचपली. माणूस खोटं बोलत नव्हता.