हत्तुरे डॉक्टरांची भजी

आमच्या सोलापुरातल्या साखर पेठेतले हत्तुरे डॉक्टर पेशंटला तपासण्याआधी त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला भजी आणायला पाठवतात.

पाठवतात म्हणजे अगदी नेमाने पाठवतात. नवरा बायकोला घेऊन आला की नवऱ्याला, सासू सुनेला घेऊन आली की सासूला. स्टेथोस्कोप कानात अडकवता अडकवता ते बरोबरच्याकडे वळतात आणि म्हणतात, “एक काम करा की. कोपऱ्यावरनं कांदाभजी आणा. पन ताज्या घाण्याची बरं का, काढून ठिवलेली नको.” वर स्वतःच्या खिशातून पैसेही काढून देतात. डॉक्टरला नाही कोण म्हणणार? माणूस मुकाट्याने जातो. भजीवाला ताजा घाणा आपल्या सवडीने काढतो, तोवर हा कढईकडे बघत उभा.

माझं चादरी-टॉवेलांचं दुकान दवाखान्याच्या बरोबर समोर आहे. हल्ली गिऱ्हाईक फोनवरच चादरी मागवतं, त्यामुळे समोर काय चाललंय ते बघणं हाच माझा मुख्य धंदा झालाय. पेशंटची आजी तेलकट पुडा पदराखाली झाकून पायऱ्या चढतेय, जावई चहाची किटली सांभाळत येतोय, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो. दवाखान्यात जंतुनाशकाचा वास यायला हवा, तिथे कांद्याचा यायचा.

सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं होतं की डॉक्टर खादाड आहे. अडचण एवढीच होती की खाल्लेलं कुठे दिसत नव्हतं. माणूस इतका वाळलेला की पांढरा डगला त्यांनी घातलाय की खुंटीला अडकवलाय, हे माझ्या दुकानातून चटकन कळायचं नाही. त्यावर गल्लीतल्या मंडळींनी निदान केलं होतं, डॉक्टरांना जंत झालेत. डॉक्टरला जंत झाले हे त्याला सांगायचं कुणी, म्हणून ते तसंच राहिलं.

त्या खादाडपणातही पायऱ्या होत्या. साधी सर्दी असली तर नुसता चहा. चेहरा उतरलेला असला तर भजी. आणि बरोबरचं माणूस फारच बोलकं असलं, पेशंटला नाव विचारल्यावर तेच उत्तर देत असलं, तर पाव किलो शेंगाचटणी. ती कुठली? तर बाळीवेशीपलीकडे एक बाई उखळात कुटून देते, तिची. “मिक्सरची आनली तर परत पाठवीन,” असा वर दम. त्या बाईकडे रांग असते आणि ती घाई केलेली खपवून घेत नाही. माणूस चांगला तासभर तिकडे अडकतो.

इकडे डॉक्टर पेशंटसमोर स्टूल ओढून बसतात. ते मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे, त्यामुळे बोलणं चार भाषांच्या चिंध्यांचं. “ऊटा आत का?” म्हणजे जेवण झालं का, हे अर्धं कानडीत आणि अर्धं मराठीत. एखादी आपा आली की “नींद आती क्या?” आणि विणकरांच्या घरातल्या माणसांशी असं तेलुगू, की ती माणसं दुखणं विसरून हसायला लागतात. प्रश्न मात्र सगळ्या भाषांत तेच. झोप लागते का? पहाटे दचकून जाग येते का? भाकरीला चव लागते का? पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात अजून रमतो का? पेशंट एक वाक्य बोलून थांबला की ते म्हणतात, “अन् मग?” पेशंट अजून थोडं बोलतो. “अन् मग?” असं करत करत गुडघ्यापासून निघालेला माणूस कुठल्या कुठे पोचतो.

याचा उलगडा मला भाग्यक्कामुळे झाला. भाग्यक्का आमच्या मागच्या बोळात विड्या वळते. मध्यंतरी तिचं डोकं सतत जड असायचं, हातापायांची आग व्हायची. सासूने तिला सगळ्या दवाखान्यांतून फिरवलं होतं. सलाईन झाली, ताकदीची इंजेक्शनं झाली, कुणी रक्त कमी आहे म्हणालं, कुणी नजर लागली म्हणालं. शेवटी सासू तिला हत्तुरे डॉक्टरांकडे घेऊन आली आणि पेशंटच्या खुर्चीत जवळजवळ स्वतःच बसली. डॉक्टरांनी तिला तत्काळ चटणीला धाडलं.

पुढचं भाग्यक्काने स्वतः माझ्या बायकोला, शैलाला, सांगितलं. सासू पायऱ्या उतरल्यावर डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं. मग झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं आणि शेवटी पावसापाण्याचं विचारावं तितक्या साधेपणाने विचारलं, “जगू नये असं वाटतं का गं कदी?” भाग्यक्का म्हणाली, घरात एवढी माणसं, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं. ती पदर तोंडाला लावून रडली आणि डॉक्टर हलले नाहीत. घड्याळाकडे पाहिलं नाही की रडू नको म्हणाले नाहीत.

“मी येडी झाले का?” तिने विचारलं.

“न्हाय. आजारी हायस. उदासीचा आजार हाय ह्यो. ह्याला औषद हाय.”

गोळ्या लिहून देताना त्यांनी आणखी एक सांगितलं, ते शैलाला फार आवडलं होतं. “बरं वाटंल, पन आज न्हाय. ह्या हप्त्यातबी न्हाय. तवर मला शिव्या देत गोळी घ्यायची. अन् बरं वाटाय लागलं म्हनून आपल्या मनानं बंद करायची न्हाय.” मग तिला विचारून, तिच्या देखत त्यांनी सासूलाही सगळं समजावलं; हिला एकटी सोडू नका म्हणाले, आणि मनाच्या मोठ्या डॉक्टरांकडे एकदा दाखवूनही आणलं. त्यानंतर कितीतरी दिवस भाग्यक्का डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी दवाखान्याच्या दारात येऊन नुसतं तोंड दाखवून जायची. आता तिचं हसणं बोळातून माझ्या दुकानात ऐकू येतं.

तर सोबतच्याला बाहेर काढायची ही युक्ती होती. भजी बाहेर बाकावर बसलेले पेशंट खायचे. डॉक्टरांना तळलेलं सोसतच नाही, हेही शैलानेच शोधून काढलं. गल्लीला मात्र आम्ही काही बोललो नाही. गुपित फुटलं असतं तर सासवांनी भजी घरूनच तळून आणली असती.

हे सगळं कळून मी मोठा जाणकार झालो होतो. कोण चहाला निघालंय, कोण चटणीला, यावरून दुकानात बसल्या बसल्या पेशंटची तब्येत सांगायचो. आणि मग माझीच पाळी आली.

माझी मुलगी पुण्याला असते. तिला दिवस गेले होते, म्हणून भेटायला एसटीने निघालो होतो. मोडनिंबच्या अलीकडे एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. हात गार पडले, श्वास पुरेना, दरदरून घाम फुटला. आपण संपलो, अशी माझी खात्रीच पटली. मी ओरडून गाडी थांबवली, मोडनिंबला उतरलो आणि दवाखाना गाठला. तिथे ईसीजीची पट्टी काढली. हृदय उत्तम. सोलापुरात येऊन पुन्हा काढली, उत्तम. पुढच्या खेपेला निघालो तर मोहोळलाच उतरलो. मग स्टँडवर नुसती गाडी पाहिली तरी छाती उडायला लागली. माझ्या हृदयाच्या पट्ट्या एकाला एक जोडल्या असत्या तर एक बरी चादर झाली असती. नात जन्मली. शैला एकटी जाऊन बारसं करून आली. मी पोरीला फोनवर पाहिली आणि दुकानात कामं फार आहेत म्हणालो. दुकानात माश्यासुद्धा नव्हत्या.

एके सकाळी शैलाने माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडून मला हत्तुरे डॉक्टरांसमोर बसवलं. माझा अंदाज होता, आपलं चहावर भागेल. शैला सांगायला लागली, ह्यांना बसमध्ये असं होतं, तसं होतं, रात्री उठून नाडी बघतात. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वैनी, पाव किलो शेंगाचटणी आनता का? उखळातली.”

म्हणजे माझं प्रकरण थेट चटणीपर्यंत गेलं होतं. शैलाने माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि गेली. ती इतकी शहाण्यासारखी गेली की मला जास्तच भीती वाटली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, पट्ट्या उलटसुलट बघितल्या. मग “अन् मग?” सुरू झालं. मी काय काय बोललो ते इथे सांगत नाही. थोडक्यात, नातीला न बघताच मरेन, एवढं एकच मनात होतं, आणि ते मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

“बापू, हृदय चांगलं हाय तुमचं,” ते म्हणाले. “ह्यो भीतीचा झटका. लाट असती. चढती, लई चढती, अन् आपोआप ओसरती. तुमी दर बारीला ती ओसरायच्या आदीच गाडी सोडता. मग मनाला वाटतं, उतरलो म्हनून वाचलो.”

हे पटलं. पण गोळ्यांचं नाव काढल्याबरोबर मी खुर्चीत ताठ झालो. ही डोक्याची औषधं, सवय लागेल, लोक काय म्हणतील, उद्या गिऱ्हाईक दुकानात येईल का, असं बरंच बोललो. भाग्यक्काच्या वेळी अशी औषधं घेणं किती शहाणपणाचं आहे ते मीच शैलाला पटवून दिलं होतं. स्वतःवर आल्यावर वेगळंच वाटतं.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. उठून दार लोटलं, टेबलाचा खण ओढला आणि गोळ्यांची एक पट्टी माझ्यासमोर ठेवली. अर्धी संपलेली होती.

“ही माझी,” ते म्हणाले. “लई वर्सं झाली घेतोय.”

बाई गेल्या त्याचं दुःख का, असं मी विचारलं. त्यांच्या पत्नी वारल्या आहेत, मुलगा बंगळुरात, वरच्या मजल्यावर ते एकटेच राहतात.

“न्हाय, त्याच्या आदीपासनं. ती होती तवा ती संगं यायची पुन्याला, डॉक्टरकडं. हितं सोलापुरात सगळे वळखतात, म्हनून पुन्याला. आता एकटाच जातो. गोळीनं मन ताळ्यावर ऱ्हातं, काम हुतं. रिकाम्या घरात झोप तेवडी येत न्हाय.” एवढं बोलून त्यांनी पट्टी परत खणात ठेवली आणि माझी चिठ्ठी लिहायला घेतली.

डॉक्टर अधूनमधून पुण्याला जातात हे गल्लीला ठाऊक होतं. तिथे जाऊन मिसळ हाणतात, असं आमचं म्हणणं होतं. एवढा माणूस, सगळ्यांची सोबत बाहेर पाठवून त्यांचं ऐकणारा, आणि त्याच्या स्वतःच्या सोबतीला मात्र कुणीच नाही, हे डोक्यात आल्यावर मला फार वाईट वाटलं. मी चिठ्ठी घेतली आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या.

गोळ्यांबरोबर बसचा अभ्यासही होता. आधी स्टँडवर उभ्या गाडीत नुसतं बसून यायचं. मग पाकणीपर्यंत. धडधडलं तरी उतरायचं नाही, श्वास सावकाश सोडत बसून राहायचं. पाकणीला जाऊन काही काम न करता परत येणारा माणूस बघून कंडक्टर मला पोलीस समजायला लागला होता. होता होता मोहोळही जमलं. पण मोडनिंबचं तिकीट मागायची हिंमत होईना. नात तिकडे रांगायला लागली होती.

डॉक्टरांची पुण्याला जायची तारीख जवळ आल्याचं कळलं, तेव्हा मी समोर जाऊन म्हणालो, “मी येतो तुमच्याबरोबर.”

“मला कशाला सोबत?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कुठे? मला. नातीला बघायचंय.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सकाळची गाडी सांगितली.

ठरलं असं होतं की लाट आली तर डॉक्टर मला बोलण्यात धरून ठेवतील. त्या भरवशावरच मी चढलो होतो. मोहोळपर्यंत आम्ही सुती धाग्यावर आणि गुडघ्यांवर बोललो. मोहोळ सुटल्यावर मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. वळून बघतो तर डॉक्टर झोपलेले. पुढच्या धक्क्याला त्यांचं डोकं अलगद माझ्या खांद्यावर आलं.

आणि मोडनिंबच्या अलीकडे, ठरल्या जागी, धडधड सुरू झाली. हात गार पडले, श्वास अडला, घाम कानामागून खाली आला. ओरडून गाडी थांबवावी असं फार वाटलं. पण उठायचं तर हे डोकं बाजूला करावं लागणार होतं, आणि रिकाम्या घरात झोप न येणारा हा माणूस तोंड किंचित उघडं टाकून लहान मुलासारखा झोपला होता. मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. श्वास सावकाश सोडत राहिलो. लाट चढली, लई चढली. मोडनिंब आलं, माणसं उतरली, चढली, गाडी सुटली. कधीतरी बोटं गरम झाल्याचं लक्षात आलं.

टेंभुर्णीला गाडी थांबली. कंडक्टरने चहाला उतरणार का म्हणून विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं, तीही बेतानेच, डॉक्टरांची झोप मोडू नये म्हणून.