हुन्नरशाळेच्या चार खांबांची हकीकत

श्री. ज्याच्या आधारे सकळ उभे, त्यास नमन. आधार दिसो वा न दिसो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी एका राज्यात हुन्नरशाळा उभी राहिली, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो.

राज्यातील गवंडी म्हातारे जाहले आणि नवा कोणी शिकेना, सबब सरकारांनी मनावर घेतले की रयतेकरिता हुन्नरशाळा बांधावी, आणि खजिन्यात तर वारा खेळत होता, म्हणोन रयतेस कौल पुसिला की घरटी पट्टी द्याल काय. रयत बोलिली, देऊ, परंतु कामावर दर पाच माणसांत एक उमेदवार असावा, त्यास तेथेच हुन्नर शिकवावा आणि शेवटी शिक्का द्यावा. सरकारांनी मान्य केले, आणि मग मक्तेदाराने उमेदवार मोजून घेतले आणि मोजूनच चहा आणावयास पाठविले. त्यांत चांगुणाबाई म्हणोन एक होत्या. वय चाळीस, पैकी वीस वर्षे डोईवर घमेले. शिक्का मिळाला तर गवंडी आणि पुरता रोज. न मिळाला तर पुन्हा घमेले आणि अर्धा रोज. बाईंनी चहा दौलू मेस्त्रींपुढे ठेविला आणि तेथून हालल्या नाहीत. मेस्त्री म्हणाले, कप घेऊन जा. बाई म्हणाल्या, आधी ही सळई कशी बांधता ते दाखवा, मग कप. ऐसे चौदा महिने गेले, आणि मग मेस्त्रींनी महाद्वारावरील छत, ज्यास अलीकडे स्लॅब म्हणतात, ते बाईंचे हाती सोपविले, आणि त्याच कामावर शिक्का ठरला.

बाईंनी छत ओतले, खाली चार टेकू दिले आणि प्रत्येकावर खडूने तारीख घातली. एकवीस दिवस टेकूस हात लावू नये, आणि पुढे टेकू निघते समयी ज्याचा हुकूम त्याने खाली उभे राहावे, ऐसी गवंड्यांची रीत. अकरावे दिवशी कारभारी विसाजीपंत धावत आले. उद्या सरकारस्वारी येणार, आणि उद्या उद्घाटन न जाहले तर शेवटचा हप्ता बुडणार, आणि तो हप्ता तर खिडक्यांचा. पंतांनी टेकू पाहिले आणि विचारिले की महाद्वारी ही सरपणाची वखार कोणी घातली.

"दहा दिवस बाकी आहेत, पंत," बाई म्हणाल्या.

"दिवस कॅलेंडरात बाकी असतात, बाई. स्वारी उद्या आहे. टेकू काढा, नाहीतर शिक्का विसरा."

काम थांबले. मेस्त्री भिंत न्याहाळू लागले. बाईंनी कोपऱ्यातील आपल्या घमेल्याकडे एकवार पाहिले, मग हातोडा उचलिला आणि पहिल्या टेकूच्या बुडाशी ठोकलेल्या पाचरेस लाविला.

"काढते. आपण खाली उभे राहा."

"मी कशास?"

"हुकूम आपला. रीत आहे."

पंतांनी वर पाहिले आणि म्हणाले की मजला उन्हातच बरे वाटते. बाईंनी एक ठोका दिला. पाचर बोटभर सरकली. पंत म्हणाले, "राहू द्या."

मग पंतांचे सांगण्यावरून टेकूंस पुठ्ठे गुंडाळिले आणि त्यांवर पांढरा रंग मारिला आणि झेंडूच्या माळा चढविल्या, आणि सकाळी पाहाता चार खांब. पाचर पुन्हा ठोकावी म्हणोन बाई पुढे जाहल्या, तो तुतारी वाजली आणि स्वारी आत आली, आणि सरकारांनी भाषण करिते वेळी नेमकी त्याच खांबास पाठ टेकिली. खांब कुरकुरला. मेस्त्रींनी डोळे मिटले. बाई गर्दीतून सरल्या आणि पाचरेवर पाय रोवून उभ्या राहिल्या.

सरकारांनी पुसिले, "खांब बोलतो काय?"

"पुरातन धाटणीचा आहे, सरकार," पंत म्हणाले.

"उत्तम. कोणाचे काम?"

पंतांनी चहूकडे पाहिले आणि निरुपाय होऊन बाईंकडे बोट दाखविले. बाईंस मुजऱ्यास पुढे येववेना, पाय हालविणे म्हणजे छत हालविणे. सबब सरकार स्वतः चालत गेले आणि शिक्का बाईंचे हाती दिला, आणि म्हणाले की कारागीर ऐसा मानी असावा, आणि हे चार खांब कायम राखावे.

एकवीस दिवस भरताच बाईंनी आपलेच हुकुमाने टेकू काढिले आणि आपणच खाली उभ्या राहिल्या, आणि मेस्त्रीही न बोलावता शेजारी येऊन उभे राहिले. छत केसभर हालले नाही. दुसरे दिवशी पंत आले की दफ्तरी चार खांब लागले आहेत, ते हजर करा. मग खिडक्यांच्या हप्त्यात दगडी खांब जाहले, तेही बाईंनीच बांधिले.

एवंच, शाळा चालू आहे. चांगुणाबाई तेथे गवंडीकाम शिकवितात. नव्या उमेदवारास प्रथम दिवशी शिडी आणि दोरा देतात, आणि खांबाचा माथा व छत यांमधून दोरा ओढावयास सांगतात. दोरा चारही खांबांवरून आरपार जातो. खिडक्या यावयाच्या आहेत.