धनेशचं केळवण

विमानातून उडी मारायचं धनेशने ठरवलं आणि ही बातमी उलव्यात पसरवायचं कामही त्याने स्वतःच केलं. विटा-रेती पुरवण्याचा धंदा, दिवसभर दुकानावर माणसांचा राबता. संध्याकाळपर्यंत भावकीत एक घर असं उरलं नाही जिथे त्याचा पराक्रम आगाऊ पोचला नव्हता!

यामागे एक जुनं दुखणं होतं. लहानपणी जत्रेत त्याला आकाशपाळण्यातून रडत खाली उतरवलं होतं. आता चाळिशी आली, तरी कुणाच्या हळदीला गेला की तो पाळणा निघायचाच. परवा तर त्याच्या लेकीने, उन्नतीने, मैत्रिणींसमोर तो किस्सा रंगवला आणि धनेशच्या जिव्हारी लागलं. एकदा उडी मारायची आणि पाळण्याला मूठमाती द्यायची!

उडी प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून मारायची होती. अट एकच, वजन नव्वद किलोच्या आत हवं. धनेश जेमतेम आत होता. रोज संध्याकाळी तो दिवाणावर पालथा पडून हातपाय ताणायचा आणि त्याची बायको नमिता मोबाईलवरच्या सूचना वाचून दाखवायची. उतरताना पाय वर, पाय वर, असं ती इतक्यांदा म्हणाली की शेवटी त्याच्याआधी तिलाच पाठ झालं.

तेवढ्यात गोटीराममामांनी निरोप धाडला. लग्नाआधी केळवण करतात, मग जिवावरच्या कामाला निघालेल्या भाच्याला तसाच कसा धाडायचा? मटण झालं, वडे झाले. एका घरी जेवल्यावर दुसऱ्या घरी नाही कसं म्हणणार? पुतळाकाकीकडे त्याने वजनाचं कारण पुढे केलं, तर ती रुसूनच बसली.

"मामाचं मटन चाललं, न आमचं कोंबरं जड झालं? आमी परके हाव का?"

धनेश जेवला. मग पुढच्या घरी जेवला, त्याच्याही पुढच्या घरी जेवला. भावकी मोठी होती.

उडीच्या दिवशी दोन गाड्या भरून भावकी घाटापलीकडच्या धावपट्टीवर हजर झाली. धनेश काट्यावर उभा राहिला आणि आकडा नव्वदच्या पुढे निघून गेला. त्याने बूट काढले, पट्टा काढला. मग हातातलं कडं, अंगठ्या आणि शेवटी गळ्यातली जाडजूड चेन मामांच्या हातात दिली. तरी आकडा काही नव्वदच्या आत येईना! प्रशिक्षक बिचारा भला माणूस, पुढच्या महिन्यात या म्हणाला. मागे कुणीतरी हळूच पाळण्याचं नाव काढलं आणि उन्नतीने मान खाली घातली. धनेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यांच्या जागी मी गेली तं चालंल का?" नमिताने विचारलं.

प्रशिक्षकाने मान डोलावली. तिथल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, प्रशिक्षकाने सूचना सांगायला घेतल्या, तर पुढच्या तिनेच म्हणून दाखवल्या. थोड्या वेळाने आभाळात एक ठिपका दिसला, त्याची छत्री झाली आणि नमिता पाय वर धरून अलगद गवतावर उतरली. भावकीने एकच गलका केला. ढग कसे, नदी कशी, ती सगळ्यांना रंगवून सांगत होती.

परतीच्या वाटेवर गाडी चहाला थांबली. सगळे टपरीवर गेले, मागे ही दोघंच उरली.

"मी डोले उघरलेच नाय," ती म्हणाली. "ढग, नदी, सगलं बनवून सांगितलं."

धनेशने मामांनी परत दिलेली चेन पुन्हा गळ्यात घातली. तिने एवढं खरं सांगितल्यावर त्यालाही राहवेना.

"मना काट्यावर आकडा बघून पयला बरंच वाटलं," तो कसाबसा बोलला.

"म्हाईत हाय. तुमचे तोंडावर दिसत व्हतं," नमिता म्हणाली. "आजून कोनी बघाच्या आत सगल्यांना वर बघाला लावाचं व्हतं."