पाचशेच्या आतला संसार

ज्ञानसंबंधम ज्या गोष्टीत जातीनं लक्ष घालतात ती गोष्ट कामातून जाते, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. बायकोचं नाव वडिवु. लग्न बरंच जुनं असल्यामुळे मताला पुरावेही भरपूर जमले होते. (नळ, शिलाई मशीन, मुलीची सायकल आणि एकदा तर सख्ख्या मेहुण्याचं ठरलेलं लग्न.) त्यामुळे हातात करंटचं बिल फडकवत संबंधम दारातूनच गरजले, "आजपासून या घरातलं बिल मी स्वतः तपासणार!" तेव्हा वडिवुनं हातातली पळी खाली ठेवली आणि मुलीला हाक मारली, "तेन्मोळी, मेणबत्त्या कुठे ठेवल्यात ग?"

बिल पाचशे बारा युनिटांचं होतं. मदुरैला मीटरवाला दोन महिन्यांतून एकदा येतो आणि पाचशे ही तिथल्या संसाराची लक्ष्मणरेषा असते. आत राहिलात तर सरकार मायबाप. एक पाऊल बाहेर पडलं की मागच्या युनिटांचेही भाव चढतात आणि वर गल्लीत शोभा होते ती वेगळीच. शेजारणी मुलांचे मार्क विचारावेत तशा एकमेकींना "तुमचे किती?" म्हणून विचारतात. पलीकडच्या टायरवाल्या पेच्चिमुत्तुच्या घरचे चारशे नव्वद आले होते, आणि त्याच्याकडे एसी होता. संबंधमना पैशापेक्षा हे जास्त झोंबलं. सोसायटीच्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते. दुसऱ्याच्या चुकांवर लाल शाईनं रेघ मारण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता लाल रेघ त्यांच्याच घरावर आली होती.

मग त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली. त्यांचं ऑफिस म्हणजे पुढची खोली. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि एक कपाट.

या कपाटाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ते मुळात त्यांच्या आईचा फ्रिज होता. हिरवा, गोल खांद्यांचा, दाराला कुलूप असलेला. स्वयंपाकघरात नवा फ्रिज आला तेव्हा वडिवु म्हणाली, भंगारात द्या. संबंधम म्हणाले, आईची आठवण आहे. पुढे लाकडी कपाटाला वाळवी लागली आणि तिनं विम्याचे कागद आणि लग्नाचा दाखला एका बैठकीत संपवला. (विम्याबद्दल वडिवुनं हळहळ व्यक्त केली.) तेव्हा संबंधमनी उरलेले सगळे कागद फ्रिजमध्ये हलवले. तिथे वाळवी जाणार कुठून? बंद फ्रिजला आतून कुबट वास येऊ लागला, म्हणून त्यांनी तो चालू केला. वास गेला. विषय संपला. तेव्हापासून घरात त्याला सगळे कपाटच म्हणत आणि त्याची किल्ली संबंधमच्या करगोट्याला असे. वडिवुनं त्या खोलीत पाऊल टाकणं कधीच सोडून दिलं होतं, कारण तिथे गेलं की तिला हिशेब ऐकावे लागत.

तर संबंधमनी कपाट उघडलं, जुनी बिलं काढली आणि त्यातलं एक कपाळाला लावलं. चैत्रातल्या मदुरैत घामानं बनियन अंगाला चिकटत होतं आणि बिल कसं गारेगार! "अभ्यासाला बसलं की डोकं शांत होतं ते असं," ते स्वतःशीच म्हणाले. मग घरातल्या करंट खाणाऱ्या सगळ्या वस्तू त्यांनी बोटांवर मोजल्या. पंखे, दिवे, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, नवा फ्रिज, पाण्याची मोटर. शेवटच्या बोटावर आले आणि त्यांचे डोळे चमकले.

"ग्राइंडर!" ते ओरडत आत गेले.

"काय केलं त्यानं?" वडिवुनं विचारलं.

"तोच चोर आहे. तोच खातोय सगळा करंट."

"आठवड्यातून दोनदा तासभर फिरतो बिचारा. तुमचं तोंड त्याहून जास्त चालतं. त्याचं बिल येतं का?"

"वडिवु, हा शास्त्राचा विषय आहे."

"मग शास्त्रालाच विचारा उद्या सकाळी इडली."

वडिवुचा तो इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर तिच्या अप्पांनी लग्नात दिलेला होता. अप्पांची तेवढीच ऐपत होती. त्यातल्या पिठाच्या इडल्या गल्लीत नावाजलेल्या होत्या. कुणाकडे पाहुणे यायचे असले की डबा घेऊन बायका तिच्याकडेच येत. त्या ग्राइंडरला कुणी बोट लावलं तर ती दहा तोंडांनी बोले. आज ती तेवढ्यावरच थांबली, आणि संबंधमना वाटलं आपण जिंकलो.

"दोन महिने ग्राइंडर बंद," त्यांनी निकाल दिला. "पीठ बाजारातून पिशवीतलं आणायचं. बिल पाचशेच्या आत आलं की ग्राइंडर भंगारात."

"आणि नाही आलं तर?"

संबंधमनी या शक्यतेचा विचारच केला नव्हता. "तर... तर पुढच्या बिलापर्यंत इडलीचं पीठ मी वाटीन. परसातल्या रगड्यावर. हातानं!"

"तेन्मोळी, ऐकलंस ना?" वडिवु म्हणाली.

"ऐकलं, अम्मा," आतून आवाज आला. "फोनवर रेकॉर्डही केलंय."

पुढचे दोन महिने त्या घरानं जे भोगलं ते वैऱ्यावर येऊ नये. पंखा एका वेळी एकाच खोलीत. टीव्ही फक्त बातम्यांपुरता, तोही आवाज बंद करून. (आवाजालाही करंट लागतो, असं संबंधमचं शास्त्र सांगत होतं.) तेन्मोळी फोन चार्ज करायला पेच्चिमुत्तुच्या दुकानात जायची आणि येताना गल्लीभर आपल्या घरची कहाणी वाटून यायची. पिशवीतल्या पिठाच्या इडल्या आंबट ढाण आणि चिवट लागत. वडिवु त्या ताटात वाढायची आणि समोर बसून नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. संबंधम एकेक घास सांबारात बुडवून, हुतात्म्याच्या चेहऱ्यानं गिळत आणि म्हणत, "छान झाल्यात."

संध्याकाळी ते ऑफिसात बसत, कपाट उघडत आणि गार बिलं आलटून पालटून कपाळाला आणि मानेला लावत. घरात एवढा एकच माणूस उन्हाळ्यात प्रसन्न दिसत होता.

पण मीटर काही ऐकेना. मुनियांडी मीटरवाला यायच्या दिवशी संबंधमनी वाकून आकडा बघितला आणि मागचा आकडा वजा केला. चारशे सत्त्याण्णव, म्हणजे जेमतेम आत! त्यांनी दारात उभं राहून वाट पाहिली. दुपार झाली, मुनियांडी नाही. फोन केला तर कळलं, मेहुणीच्या लग्नाला दिंडुक्कलला गेलाय, परवा येईल.

"मेहुणी आत्ताच सापडली का त्याला लग्नाला?" संबंधम किंचाळले. वेष्टी वर खोचून घरभर धावत त्यांनी एकेक बटण बंद केलं. पंखे, दिवे, मोटर. नवा फ्रिजही बंद. वडिवुनं आतलं दूध, लोणी आणि मासळी निमूटपणे पेच्चिमुत्तुच्या बायकोकडे पोचवली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकीनं विचारलं, "घर सोडताय का, अक्का?"

"अजून तरी नाही," वडिवु म्हणाली.

सगळं बंद करून संबंधम मीटरपाशी गेले. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. ते मिनिटभर बघत राहिले. दिवा डोळा मारावा तसा लुकलुकतच राहिला. घरात काही चालू नाही आणि मीटर पळतंय! संबंधमनी श्वास रोखला. कुठून तरी बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (घरात त्या वेळी तेवढाच प्रकाश होता.)

"पेच्चिमुत्तु!" दुकानाच्या दारात उभं राहून ते गरजले. "माझ्या वायरीतून हवेचं मशीन चालवतोस? लाज नाही वाटत?"

पेच्चिमुत्तु टायरमध्ये हवा भरत होता. तो हळूच उठला. "अण्णा, ऊन लागलंय तुम्हाला. आत या, ताक घ्या."

"ताक नको, न्याय पाहिजे! तुझं मशीन बंद कर!"

गल्ली जमली. पेच्चिमुत्तुनं मशीन बंद केलं. सगळे संबंधमच्या पुढच्या खोलीत कान देऊन उभे राहिले. घूंऽऽ चालूच होतं.

"बघा! अजून चोरून चालवतोय!"

"दुकान बंद आहे, अण्णा. मी इथे तुमच्या शेजारी उभा आहे."

"मग माणूस ठेवला असशील!"

"असं करा, तुमचा मेन स्विच बंद करून बघा," पेच्चिमुत्तु म्हणाला.

संबंधमनी मेन स्विच खाली ओढला. आवाज थांबला. मीटरचा दिवाही थांबला. संबंधम विजयी मुद्रेनं वळले. "पाहिलंत सगळ्यांनी? माझा मेन बंद केला की याची चोरीही बंद!"

पेच्चिमुत्तुनं वडिवुकडे पाहिलं. वडिवुनं हात जोडून माफी मागितली. तिला मनापासून लाज वाटत होती, कारण तिची मासळी त्याच्या फ्रिजमध्ये होती.

संबंधमनी मेन पुन्हा वर केला. "आता तक्रार लिहायची, तर पुरावा जागच्या जागी हवा," ते म्हणाले. चोरी चालू ठेवणं हाच पुरावा होता.

दोन दिवसांनी मुनियांडी आला. गळ्यात लग्नातली नवी पिवळी शाल, तोंडात पान. दिवे बंद, पंखे बंद, माणसं घामाघूम बघून तो दारातच थबकला. "कुणी गेलं का, अण्णा?"

"अजून नाही," वडिवु म्हणाली.

मुनियांडीनं मीटर बघितलं, मशीनमध्ये आकडे दाबले आणि म्हणाला, "पाचशे एक."

तेन्मोळीनं हळूच फोन बाहेर काढला.

"एक!" संबंधमचा आवाज चिरका झाला. "एका युनिटासाठी? मुनियांडी, ही चोरी आहे. हा टायरवाला साक्षीला आहे, म्हणजे आरोपी आहे. थांब, कागदोपत्री सिद्ध करतो. मागच्या उन्हाळ्यातली बिलं आहेत माझ्याकडे. एकही कागद हरवत नाही आमच्याकडे. ग्राइंडर नसताना वाढलंच कसं, ते तूच बघ."

त्यांनी करगोट्याची किल्ली काढली, ऐटीत कपाट उघडलं, अचूक हात घालून मागच्या वर्षीचं बिल काढलं आणि मुनियांडीच्या हातात ठेवलं.

मुनियांडीनं बिल हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग गालाला लावलं.

"अण्णा," तो म्हणाला, "हे बिल गार कसं?"

संबंधमनी हळूच मागे वळून पाहिलं. त्यांच्या मागे कपाटाचं दार उघडं होतं. आतला पिवळा दिवा बिलांच्या गठ्ठ्यांवर पडला होता. घूंऽऽ.

पेच्चिमुत्तु पुढे आला आणि त्यानं वाकून कपाटाच्या मागे बघितलं. "अण्णा, कपाटाला वायर असलेली मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

वडिवु कमरेवर हात ठेवून उभी होती. चैत्र, वैशाख, आंबट इडल्या, शेजारी पोचवलेली मासळी, गल्लीतली शोभा, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक गेलं. आता भडका उडणार म्हणून तेन्मोळी दोन पावलं मागे सरकली. पण वडिवु इतकी हसली, इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "वाळवी परवडली असती हो," एवढंच ती म्हणू शकली.

पुढचे दोन महिने परसातला रगडा घरघरत होता. संबंधम वेष्टी खोचून दगडाशी झटायचे, दर दोन फेऱ्यांनी पाठ धरायचे आणि वडिवु खुर्ची टाकून सूचना करायची. "पाणी कमी झालं. उलटा नका फिरवू. शास्त्रानं फिरवा." पहिल्या आठवड्यातल्या इडल्या पेच्चिमुत्तुनं टायरखाली लावायला मागून नेल्या. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र पीठ बरं येऊ लागलं. महिनाभरानं तर इतकं मऊ आलं की वडिवुही ताट पुसून खाऊ लागली. (हे तिनं कबूल केलं नाही.) कपाटाची वायर काढली होती. कागद पत्र्याच्या ट्रंकेत गेले होते.

मुनियांडी आला. तीनशे ऐंशी! गल्लीत एवढे कमी कुणाचेच नव्हते. पैज संपली, संबंधम सुटले. संध्याकाळी दारात माणसं जमली. ज्यांना खरी गोष्ट ठाऊक नव्हती अशी खालच्या गल्लीतलीही आली होती.

"अण्णा, केलंत काय एवढं?" एकानं आदरानं विचारलं.

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण समोर माणसं होती, आणि सगळ्यांचे कान टवकारलेले होते. संबंधमनी घसा खाकरला. "सगळं त्या ग्राइंडरचं पाप," ते म्हणाले. "आम्ही तो बंद केला. रगड्यावर हातानं वाटतो. बाकी काही नाही."

माणसं थक्क झाली. आतून बांगड्या वाजल्या. वडिवु भिजवलेल्या तांदळाचं मोठं पातेलं दोन्ही हातांनी उचलून दारात आली आणि ते तिनं नवऱ्याच्या पायाशी ठेवलं. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" ती गोड आवाजात म्हणाली. "मी आजपासून ग्राइंडर लावणार होते. पण हे एवढं म्हणतायत, तर आता कशाला बाई पाप करू?"

संबंधमनी मदतीच्या आशेनं पेच्चिमुत्तुकडे पाहिलं. पेच्चिमुत्तु गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्यानं त्यांचा हात हातात घेतला, तळव्यावरचे घट्टे नीट निरखून पाहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "अण्णा, आमचेही पुढच्या वेळी पाचशेवर जाणार असं दिसतंय. उडीद कुठे आणून ठेवू?"