जमिनीची ओ

"मुलगा पाच फूट आठ इंच आहे," असं मध्यस्थानं सांगितलं आणि दत्तूतात्यांनी विचारलं, "जमिनीपास्नं का समुद्रापास्नं?"

तरीही माझ्या मुलीची सोयरीक जमली, हे आमचं नशीब. तात्या माझे बांधाला बांध लागून शेजारी. त्यांची रूपाली विमान चालवते. पारनेरच्या बाजारात हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस सापडला, की तात्या भाजी घ्यायची विसरतात.

विमानाला दोन उंच्या असतात, एक समुद्रापासूनची आणि एक जमिनीपासूनची, असं रूपालीनं एकदा सांगितलं. तेव्हापासून पाण्याची टाकी म्हणू नका, कडुलिंब म्हणू नका, उंचीचा विषय निघाला की तात्यांचा प्रश्न ठरलेला.

"हवेच्या दाबावरनं समुद्रापास्नंची उंची कळती. पर आपला माळ समुद्रापास्नं लई वर. मंग उतरताना खालची जमीन किती लांब हाय, ह्ये कसं कळायचं?"

उत्तराची वाट न बघता तात्या आम्हाला विहिरीवर नेतात, वाकून "रूपेऽऽ" अशी हाळी मारतात.

"पानी जितकं खोल, तितका आवाज उशिरा परत येतो. इमान तसंच जमिनीला हाळी मारतं. आपल्याला ऐकू येत न्हाई, यवढंच."

गेल्या उन्हाळ्यात हाळी मारताना त्यांचा चष्मा विहिरीत पडला. तो काढायला उतरलेल्या गड्याला तात्यांनी वरून सगळा धडा पुन्हा ऐकवला. बिचारा तळाशी होता, जाणार कुठं?

मी थट्टा करतो, पण अभिमान मलाही आहे. याच बांधावर रूपाली शेळ्या वळायची. आई लहानपणीच गेली. तात्यांनी तिच्या वेण्या घातल्या, वाकड्यातिकड्या, पण शाळा एक दिवस बुडू दिली नाही.

परवा संध्याकाळी मोटर बंद करायला गेलो, तर तात्या नांगरटीत एकटेच उभे. पायात चपला नव्हत्या. मान वर, हातात मोबाईल. हळूच म्हणाले, "ओ." जरा थांबून पुन्हा, "ओ."

"तात्या, कुणाला ओ देताय?"

ते दचकले.

"रूपीची पुण्याला उतरायची येळ झाली. वरनं हाळी मारत आसंल पोर. खालनं कुनीतरी ओ द्याया नको? तिची आई आसती तर तिनं दिली आसती."

मीही चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. 'उतरले, तात्या' असा तिचा मेसेज येईपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं ओ देत होतो.